देवगिरीचा कडा आणि चपटा ब्रश

आमच्या मराठवाड्यातील कोणत्याही शाळेत जाऊन मुलांच्या चित्रकलेच्या वह्या चाळल्या, तर एकच निसर्गचित्र पानोपानी भेटते. तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा सूर्य, तेथूनच निघून नागमोडी वळणे घेत कागदाच्या खालच्या कडेपर्यंत येणारी निळी नदी, काठावर उतरत्या कौलांचे घर आणि घराशेजारी नारळाचे झाड. मुले हे चित्र मन लावून काढतात, घरचे ते कौतुकाने भिंतीवर लावतात, आणि यांपैकी जवळजवळ एकही गोष्ट त्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली नाही, याचे कोणालाच काही वाटत नाही. आपल्याकडचे डोंगर माथ्यावर सपाट असतात, जुनी घरे कौलारू नसून माळवदाची असतात, नदी वर्षातील बराच काळ वाळू आणि डबकी यांच्या रूपातच दिसते, आणि नारळाशी आपला संबंध येतो तो देवळात आणि ओटी भरताना. तरीही बालाघाटाच्या कुशीत वाढलेले पोर एलिमेंटरीच्या परीक्षेला बसते, स्मरणचित्रात मागे डोंगर दाखवायची वेळ येते, तेव्हा त्याच्या हातून तोच त्रिकोण उमटतो.

माझ्याजवळ मात्र या त्रिकोणाविरुद्ध नोकरीच्या काळातला पुरावा होता. पाटबंधारे विभागात आरेखक म्हणून काम करताना अजिंठ्याच्या आणि बालाघाटाच्या रांगांचे नकाशे मी ट्रेसिंग पेपरवर उतरवलेले आहेत. त्या नकाशांत काँटूरच्या, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या, रेषा डोंगराच्या अंगावर एकमेकींना खेटून, जवळजवळ चिकटून येतात आणि माथ्यावर पोहोचल्या की एकदम विरळ होतात. याचा अर्थ असा, की चढ उभा आहे आणि वर पठार आहे. मधल्या मधे पुन्हा थोडी मोकळी जागा, पुन्हा दाटी, पुन्हा मोकळी जागा. पायऱ्या पायऱ्यांनी वर जाणारा, टोक नसलेला डोंगर माझ्या हाताला असा ठाऊक होता. तो रंगात कसा यायचा, हे मात्र ठाऊक नव्हते.

निवृत्तीनंतर मी आमच्याच कॉलनीतल्या एका वयोवृद्ध कलाशिक्षकांकडे जाऊ लागले. सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते, तसे मीही म्हणते. पहिल्या काही आठवड्यांतच त्यांनी माझी स्केचबुके पाहून सांगितले, "ताई, हात छान चालतो तुमचा, पण तो अजून ऑफिसातच आहे." मग त्यांनी पेन्सिल, पट्टी आणि बारीक टोकाचे सगळे ब्रश काढून घेतले आणि दीड इंची चपटा ब्रश हातात दिला. ज्या ब्रशने भिंतीच्या कोपऱ्याला डिस्टेंपर लावावा, तशा ब्रशने चित्र काढायचे म्हटल्यावर तपशील आपोआप गळून पडतो. खिडकीची जाळी काढता येत नाही, झाडाचे पान काढता येत नाही. उरतात ते आकार, त्यांचे उजेड-अंधार आणि ते एकमेकांना कुठे भिडतात ती जागा.

विषय मी निवडला तो दौलताबादचा, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्याचा. ज्याला डोंगर आणि इमारती एकाच चौकटीत हव्या आहेत, त्याने संभाजीनगरात राहून दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. शिवाय मला हुबेहूब चित्र नको होते. हुबेहूब किल्ला मोबाइलच्या कॅमेऱ्यात सगळ्यांकडे आहे. मला त्या डोंगराचा दरारा हवा होता.

सरांनी तेव्हा मला म्युंटरची चित्रे दाखवली. १९०८ च्या उन्हाळ्यात गाब्रिएल म्युंटर, वासिली कान्डिन्स्की आणि त्यांचे दोन चित्रकार मित्र जर्मनीतील मुर्नाऊ या गावी राहून चित्रे काढू लागले. मुर्नाऊ हे आल्प्सच्या पायथ्याचे गाव, म्हणजे पुढे घरे आणि मागे पर्वत, अगदी आपल्याला हवी तशी मांडणी. पुढच्याच वर्षी म्युंटरने तेथे घर घेतले. त्या भागात काचेच्या मागील बाजूने रंगवायची एक जुनी लोककला होती, जाड गडद बाह्यरेषा आणि तिच्या आत सपाट, झगझगीत रंग अशी. तिचा म्युंटरवर खोल परिणाम झाला. म्युंटरच्या चित्रांत घर गुलाबी असते, रस्ता जांभळा असतो, पर्वत गर्द निळीचा एक सलग तुकडा असतो. प्रथमदर्शनी वाटते, की बाईंनी हाताला येईल तो रंग लावला आहे. पण काही वेळ पाहत राहिले, की लक्षात येते: कोणते घर पुढे आहे, कोणाचे छप्पर कुठल्या बाजूला उतरते, पर्वताचा भार कुठे टेकला आहे, यात कोठेही ढिलाई नाही. रंगाला मोकळीक दिली आहे आणि बांधणीला दिलेली नाही.

आपल्याकडच्या एका थोर चित्रकाराला हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने ऐकावी लागली होती. सय्यद हैदर रझा नागपूरला आणि नंतर मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. १९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रे काढायला गेले असता तेथे त्यांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्याशी पडली. ब्रेसाँ यांनी चित्रे पाहून गुण मान्य केला, पण चित्रांत बांधणी नाही, असे स्पष्ट सांगितले. इमारतीला जसा पाया लागतो, भिंती आणि तुळया लागतात, तसेच चित्रालाही लागते, तेव्हा फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असा तो सल्ला होता. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत टेकड्यांवरची गावे अशी उभी राहिली, की घरे कुठे संपतात आणि टेकडी कुठे सुरू होते, हे विचारण्यात अर्थ राहत नाही. सेझान स्वतः फ्रान्सच्या दक्षिणेतला सेंत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवत होता, आणि त्या डोंगरासमोरची घरे व शेते तो डोंगराच्याच चौकोनी फटकाऱ्यांनी बांधत होता.

हे सगळे वाचून-पाहून घाटाच्या वळणावर येऊन बसले, की देवगिरी मात्र आपला स्वतंत्र प्रश्न घालतो. दौलताबादहून खुलताबादकडे चढणाऱ्या रस्त्यावरून किल्ला समोर उभा दिसतो. सभोवतालच्या सपाट जमिनीतून सुमारे २०० मीटर उंच उठलेला एकटा डोंगर, रांगेपासून सुटलेला. वरचा भाग उतरता, झुडपांचा. आणि त्याच्या खाली सर्व बाजूंनी उभा तासलेला काळा कडा. हा कडा निसर्गाने केलेला नाही. माणसांनी छिन्नी-हातोड्याने डोंगराची बाजू तासून ती भिंतीसारखी सरळ केली आणि पायथ्याशी त्याच खडकात खंदक खोदला. म्हणजे यादवांच्या राजधानीची सर्वांत मोठी भिंत ही बांधलेली भिंतच नाही, तो कापलेला डोंगर आहे. त्याच्या आसपास तटबंदी, दरवाजे, पंधराव्या शतकातला चांद मिनार, वर शिखराजवळ शहाजहानच्या काळातली बारादरी. चित्रकलेच्या पुस्तकांत नवशिक्यांना सांगतात, की इमारतींच्या कडा टोकदार ठेवा आणि डोंगराच्या कडा मऊ सोडा, म्हणजे दोन्ही आपसूक वेगळे दिसतात. देवगिरीपुढे हा नियम उलटा पडतो. येथे सर्वांत धारदार कड डोंगराची आहे, आणि शतकानुशतके पावसाने झिजलेल्या, गवत उगवलेल्या तटाची कड मऊ झालेली आहे.

मला वाटते, मराठवाड्याच्या निसर्गचित्राची किल्ली इथेच कुठेतरी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि थंड झाले. त्यांतले कठीण थर कड्यासारखे उभे राहतात, ठिसूळ थर झिजून उतार होतात, आणि घाट कापलेल्या काही ठिकाणी दोन थरांच्या मधे गेरूसारखा एक लाल पट्टाही दिसतो. निसर्गानेच येथे मजले चढवले आहेत. आणि माणसाने काय केले, तर वेरूळला कैलास लेणे कळसापासून खाली कोरत आणले, म्हणजे इमारत डोंगरातून काढली. देवगिरीला डोंगरालाच भिंत केले. ज्या प्रदेशात डोंगर हा बांधकामासारखा आणि बांधकाम हे डोंगराचाच तुकडा आहे, तेथे मागे निसर्ग आणि पुढे इमारती, अशी दोन पडद्यांची मांडणी खोटी वाटू लागते. दोन्ही एकाच ब्रशने आणि एकाच रंगाच्या नात्यातून आले पाहिजेत.

प्रत्यक्ष कामाची रीत सांगते. लाकडी बोर्डावर जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात देऊन ते वाळले, की बर्न्ट सिएना हा तांबूस-तपकिरी रंग पाण्याने पातळ करून सगळ्या बोर्डावर फिरवायचा. पांढऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक रंग गडद दिसतो आणि हात भित्रा होतो; तांबूस पृष्ठभागावर उजेड आणि अंधार दोन्ही खरे दिसतात, शिवाय फटकाऱ्यांच्या फटींतून डोकावणारा तो तांबूस रंग आपल्या मातीशी जुळतो. मग डोळे बारीक करून पाहायचे. डोळे किलकिले केले, की किल्ल्याचे हजार तपशील विरघळून तीनच छटा उरतात: आकाश आणि पुढचे वाळके कुसळी गवत ही सर्वांत उजळ, वरचा उतार आणि तट ही मधली, आणि तासलेला कडा ही सर्वांत गडद. या तीन छटांचे आगपेटीएवढे चित्र आधी कागदाच्या कोपऱ्यात करून पाहायचे. तेवढ्या चित्रात किल्ला ओळखू आला, तरच मोठ्या बोर्डाला हात लावायचा, असा सरांचा दंडक आहे, आणि तो योग्य आहे.

त्यानंतर कडा. काळ्या ट्यूबला हात लावायचा नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळले, की जो काळपट रंग तयार होतो, तो निळ्याकडे झुकवला तर सावलीतला बेसाल्ट, म्हणजे इथला लाव्हाचा काळा खडक, होतो आणि तांबड्याकडे झुकवला तर उन्हातला. ब्रश पुरता भरून, कड्याच्या वरच्या कडेला तो आडवा टेकवून सरळ खाली ओढायचा, मधे न थांबता. ब्रशचे केस रंगात ज्या बारीक उभ्या रेघा सोडतात, त्याच छिन्नीच्या खुणा होतात. वेगळ्या काढाव्या लागत नाहीत. एक फटकारा संपला, की त्याला लागून दुसरा, थोडा कमी-जास्त लांबीचा. वरच्या उताराला मात्र ब्रश तिरका आणि अर्धवट कोरडा, म्हणजे खालचा तांबूस रंग दिसत राहतो आणि झुडपे न काढता झुडपे होतात. चांद मिनार सर्वांत शेवटी, पॅलेट नाइफच्या कडेने, यलो ऑकर आणि पांढरा यांच्या जाड लेपाचा एक उभा ठसा. मिनार प्रत्यक्षात जेवढा उंच दिसतो, त्याहून मी तो बराच उंच करते, आणि कडाही. मिनार अधिक ठेंगणा केला किंवा कडा तिरका केला, तर चित्र लगेच लटके पडते; उंच केला तर नाही. जी वस्तू मुळातच उभी राहू पाहते, तिला अधिक उभे करण्याची मुभा आहे, आडवे करण्याची नाही, असा काहीसा हिशेब असावा.

आपल्या हवेचाही हिशेब वेगळा आहे. ॲक्रिलिक रंग लवकर वाळतो, हा त्याचा गुण म्हणून सांगितला जातो. मे महिन्यातल्या दुपारी घाटात तो पॅलेटवरच साय धरतो. त्यावर उपाय म्हणजे स्टीलच्या पसरट डब्यात ओल्या वर्तमानपत्राची घडी ठेवून तिच्यावर बटर पेपर पसरायचा आणि रंग त्यावर काढायचे. कागदातून ओल वर येत राहते आणि डब्याला झाकण लावले, की रंग दुसऱ्या दिवशीही चालतात. वाळल्यावर ॲक्रिलिक थोडा गडद होतो, हेही आकाश रंगवताना ध्यानात ठेवावे लागते, कारण दुपारचे आपले आकाश मुळातच निळे कमी आणि पांढुरके जास्त असते.

दूरचा डोंगर निळा दाखवा, हा आणखी एक सर्वमान्य नियम. हवेतील सूक्ष्म रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून लांबच्या वस्तूंवर निळसर झाक येते, हे खरेच आहे, आणि श्रावणात पाऊस पडून हवा धुतली गेली, की म्हैसमाळच्या बाजूचे डोंगर अगदी पुस्तकातल्यासारखे निळे दिसतातही. पण उन्हाळ्यात हवेत धूळ असते. धुळीचे मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात, त्यामुळे दूरचा डोंगर निळा न होता फिकट होत जातो, राखेत थोडी हळद कालवावी तसा. एप्रिल-मे मधील दौलताबाद मागे निळे डोंगर घालून रंगवला, तर तो दुसऱ्याच कुठल्या देशातला वाटतो. भडक रंग वापरायचे ठरवल्यावरही हे पथ्य पाळता येते: कड्याला किरमिजी लावा, गवताला नारिंगी लावा, पण मागची रांग फिकीच राहू द्या. एकदा रस्त्याकडेला सीताफळे विकणारे एक काका बराच वेळ पाठीमागे उभे होते. "मॅडम, डोंगर येवढा लाल कुठं हाय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, उन्हात बसून बसून मला तसा वाटायला लागला आहे. यावर ते म्हणाले, "मंग बरोबर हाय," आणि एक फळ हातावर ठेवून गेले. कलासमीक्षा म्हणून ही मला पुष्कळ झाली.

इंटरनेटवर हल्ली असे डोंगर पाच-दहा मिनिटांत काढून दाखवणारे व्हिडिओ खूप आहेत. पॅलेट नाइफने पांढरा रंग खरडला, की बर्फाच्छादित शिखर. तेच नाइफ आडवे फिरवले, की तळ्यातले प्रतिबिंब. हात बसवायला ते उपयोगी आहेत, त्यांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पण तो शाळेतलाच त्रिकोण आहे, फक्त महागड्या रंगांतला. खरडलेल्या बर्फाचा जोरकसपणा बेसाल्टला लावता येत नाही, कारण बेसाल्ट टोकाशी चमकत नाही. तो कड्याशी गडद होतो.

यापेक्षा कितीतरी जवळचा आणि जुना धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे उभे राहिले, की सगळ्यांची नजर त्याच्या खाली झुकलेल्या डोळ्यांवर जाते, ते साहजिकच आहे. पुढच्या खेपेला त्याच्या मागे पाहावे. तेथे डोंगर आहेत, आणि ते वीटभट्टीवर रचलेल्या विटांसारखे, कडा-कोपरे असलेल्या ठोकळ्यांचे आहेत. पाचव्या शतकातील त्या चित्रकारांना त्रिकोणी डोंगर सुचला नाही, कारण ते ज्या दरीत राहून काम करत होते, तिच्या भिंती थरांच्या आणि ठोकळ्यांच्याच आहेत. प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू उजळ आणि एक गडद, एवढ्यावर त्यांनी खडक उभा केला आहे. इमारतींचेही तसेच. महालाचे खांब, त्यांवरचे छत आणि आतली माणसे एकाच वेळी दिसावीत म्हणून त्यांनी महाल हवा तसा उघडला आहे. एका ठिकाणी उभे राहून एका डोळ्याने पाहिल्यासारखी दृष्टी त्यांनी मानलीच नाही. रंगांचे म्हणाल, तर बाहेरून आलेला बहुधा लाजवर्दाचा निळाच; पिवळा, तांबडा, हिरवा हे बरेचसे खनिज मातीचे, काळा काजळीचा. आधुनिक युरोपियनांनी विसाव्या शतकात घेतलेले स्वातंत्र्य आपल्या घाटात दीड हजार वर्षे भिंतीवर आहे, असे मी अभिमानाने म्हणू लागले, तेव्हा सरांनी मला थांबवले. अजिंठ्याच्या चित्रकारांना कथा सांगायची होती, म्युंटरला स्वतःचा अनुभव मांडायचा होता. दोघांचे ठोकळे सारखे दिसले म्हणून दोघांचे काम एक होत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटले आहे. तरी डोंगर कसा रचावा, हे मी म्युंटरपेक्षा पद्मपाणीच्या मागच्या खडकांकडूनच अधिक घेतले.

आजच्या इमारतींचे काय करायचे, यावर मात्र आमचे एकमत होत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी आता हॉटेले आहेत, रसवंत्या आहेत, पत्र्याचे शेड आहेत, गाड्यांची रांग आहे, होर्डिंगे आहेत. सर म्हणतात, जे डोळ्याला खुपते ते गाळा. होर्डिंग गाळायला माझी हरकत नाही; त्यावरची अक्षरे चित्रात आली, की बघणारा वाचायला लागतो आणि पाहायचे सोडतो. पण पत्रा मी सोडत नाही. दुपारी बाराच्या सुमारास सगळ्या दृश्यात सर्वांत झळाळणारा उजेड त्या पत्र्यावर असतो, आकाशाहूनही पांढरा, आणि त्याच्या शेजारीच कड्याचा काळा असतो. चित्रातला सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद ठिपका असा एकमेकांना लागून फुकटात मिळत असताना तो शेड आहे म्हणून वगळणे मला परवडत नाही.

सध्या बोर्डावर दुसरे चित्र आहे, बीड जिल्ह्यातल्या एका गावातील गढीचे. गढीच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, पावसाने धुपत चाललेल्या. गावकरी आपल्या माळवदांवर टाकायला तीच माती खणून नेतात, त्यामुळे गढी खचून टेकडी होते आहे, आणि खालच्या घरांची माथी गढीच्या रंगाची झाली आहेत. मागे बालाघाटाची सपाट धार तशीच आडवी गेलेली. सरांना वाटते, की गढी आणि टेकडी यांच्यामध्ये म्युंटरसारखी एक जाड गडद रेषा ओढली, तर चित्र उभे राहील. मी ती अजून ओढलेली नाही. भिंत कुठे संपते, ते मला तिथे बसूनही दिसले नव्हते, आणि गावातल्या एका आजींना विचारले, तर त्यांनी हाताने जी जागा दाखवली, ती त्यांच्या लहानपणची होती.